बाटलीत काय आहे, ते मावशीला विचारा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचंय, काय काय घेऊ, असं मला बरेच जण विचारतात. यादी मी देतेच, पण त्याआधी एक अट घालते. बाटलीत, पुडीत किंवा पानात बांधलेलं जे काही घ्याल, त्याच्या आत काय आहे ते विकणाऱ्या बाईच्या तोंडून ऐकल्याशिवाय पैसे देऊ नका. ही अट मी घरातल्या एका प्रसंगानंतर घालू लागले. तो प्रसंग सांगते, पण आधी बाजार कसा आहे ते कळायला हवं.

म्हापसा हे गोव्यातल्या बार्देश तालुक्याचं शहर. बाजार रविवार सोडून इतर दिवशीही असतो, पण शुक्रवारी आजूबाजूची गावंच्या गावं तिथे उतरतात. मयडे, हळदोणे, शिवोली, आसगाव, अस्नोडा, पलीकडे पेडण्याची आणि डिचोलीची गावं. सावंतवाडी-दोडामार्गाकडची माणसंही येतात. पक्क्या गाळ्यांमधून कापड, भांडी, किराणा मिळतो. पण बाजाराचा खरा जीव गाळ्यांबाहेर, जमिनीवर अंथरलेल्या गोणपाटांवर असतो. तिथे बायका बसतात. समोर चार-पाच भोपळे, लाल माठाच्या जुड्या, सोलांचा ढीग, माडाच्या काळ्या गुळाच्या ढेपा, विनाग्रच्या म्हणजे व्हिनेगरच्या बाटल्या, दोऱ्यात ओवलेल्या चोरिसांच्या, म्हणजे सॉसेजच्या, माळा, उकड्या तांदळाची पिशवी. यातलं पुष्कळसं त्यांनी स्वतः पिकवलेलं, वाळवलेलं किंवा घरच्या चुलीवर केलेलं असतं.

एप्रिल-मे महिन्यांत हा बाजार सगळ्यात भरलेला असतो. आपल्या कोकणात ज्याला आगोट म्हणतात, ती पावसाळ्याची बेगमी गोव्यात पुरुमेत म्हणून ओळखली जाते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, शेतावर जायचं असतं, ऊन मिळत नाही. म्हणून मिरच्या, सुकी मासळी, सोलं, चिंच, कांदे, कडधान्यं, मीठ हे सगळं आधीच घरात यावं लागतं. याच सुमाराला म्हापशात मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त भरतं. त्याला ख्रिस्ती आणि हिंदू दोन्ही घरांतली माणसं जातात, आणि त्या जत्रेतही पुरुमेताचा माल मांडलेला असतो.

अशाच एका मे महिन्यात भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी बाजारात होतो. भाचीला लहानपणापासून कोळंबीची ॲलर्जी आहे. घरात सगळ्यांना ते माहीत, त्यामुळे हॉटेलात गेलो की पहिला प्रश्न तोच असतो. म्हापशातही मासळीच्या बाजूला आम्ही तिला नेलं नाही. मसाल्यांच्या बायकांपाशी वहिनीने बालचांव मसाल्याच्या बाटल्या घेतल्या. लालभडक, वर तेलाचा तवंग, झाकणाला घट्ट बांधलेला प्लास्टिकचा कागद. तिखट किती, टिकेल किती, फ्रिजमध्ये ठेवायचा का, हे सगळं विचारून झालं. मावशीने अगदी मनापासून उत्तरं दिली.

पुण्यात परत आल्यावर एका संध्याकाळी वहिनीने बटाट्याच्या भाजीत त्यातला चमचाभर मसाला घातला. भाचीने दोन-तीन घास खाल्ले आणि ओठ खाजतायत म्हणाली. पाठोपाठ गळ्यावर, हातांवर गांधी उठल्या. मग आवाज बदलला, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. गाडी काढून जवळच्या रुग्णालयात पोचेपर्यंत ती माझ्या हाताला घट्ट धरून होती. बोलू शकत नव्हती. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि रात्रभर ठेवून घेतलं. अशा वेळी बरं वाटल्यानंतर काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो, म्हणून लगेच घरी सोडत नाहीत, असं त्यांनी समजावलं. मूल वाचलं. पण आपण वेळेत पोचलो नसतो तर, हा विचार आमच्या घरातून अजून गेलेला नाही.

बालचांवाच्या मसाल्यात गालमो असतो. गालमो म्हणजे अगदी बारीक सुकी कोळंबी, जवळ्यासारखी. मिरची, लसूण, आलं, जिरं, विनाग्र यांच्याबरोबर ती वाटली गेली की डोळ्यांना दिसत नाही आणि विनाग्रच्या आंबटपणात नाकालाही सहज कळत नाही. वाळवली, तळली, शिजवली म्हणून ॲलर्जी करणारं तत्त्व जातही नाही. कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन उष्णतेला दाद देत नाही.

त्या मावशीने काहीही लपवलं नव्हतं. बार्देशातल्या स्वयंपाकघरात बालचांव म्हटलं की गालमो आलाच, ते वेगळं सांगायची तिथे कुणाला गरज वाटत नाही. पुरणपोळीत डाळ असते हे आपण कुणाला सांगतो? कारखान्यातल्या बाटलीवर घटकांची यादी छापावी लागते. २०२०च्या लेबलच्या नियमांनुसार कोळंबी-खेकड्यांसारखे ॲलर्जीचे घटक स्पष्ट लिहावे लागतात. घरच्या चुलीवर केलेल्या, जुन्या बाटलीत भरलेल्या मसाल्यावर असं काही नसतं. तिथे माहिती त्या बाईकडेच असते, आणि विचारली तर ती सगळी देते. माझा आजवरचा अनुभव असाच आहे. कुणी उडवून लावलेलं मला आठवत नाही. उलट प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाकडे त्या जास्त लक्ष देतात.

मराठीत विचारलं तरी चालतं, बार्देश-पेडण्यात मराठी बहुतेकांना कळते. पण हे एक वाक्य कोकणीत पाठ करून जा : ‘हातूंत कितें कितें घालां?’ म्हणजे यात काय काय घातलंय. उत्तर येईल त्यात आपल्याला नको असलेली वस्तू ऐकू आली नाही, तरी तिचं नाव घेऊन पुन्हा विचारा. ‘हातूंत सुंगटां आसात?’ सुंगटां म्हणजे कोळंबी. ‘गालमो आसा?’ हेही वेगळं विचारा, कारण सुंगटां नाहीत असं म्हणताना गालमो मनात असेलच असं नाही. ज्यांना कोळंबीचा त्रास आहे त्यांनी बालचांव, सुक्या कोळंबीचं किसमूर आणि सुक्या मासळीचं लोणचं म्हणजे पारा, या तिन्हींपासून लांबच राहावं. हे पदार्थ मांडलेल्या फडक्यावर उघडी ठेवलेली मिरचीपूडसुद्धा घेऊ नये. एकच चमचा सगळीकडे फिरतो. माशात भरायचा रेशादचा मसाला सहसा मिरची, लसूण, मसाले आणि विनाग्रचाच असतो, पण तो कोणत्या पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटला, हा प्रश्न उरतो. तीव्र ॲलर्जी असेल तर सरळ अख्ख्या सुक्या मिरच्या आणा आणि घरी वाटा.

शाकाहारी माणसांनाही हे लागू आहे. बेबिंक पाहून पुष्कळ जण मिठाई म्हणून उपासाच्या घरी नेतात. त्यात अंड्यांचा बलक भरपूर असतो, नारळाच्या दुधाइतकाच तो त्या पदार्थाचा आधार आहे. दोदोल मात्र नारळाचं दूध, काळा गूळ आणि तांदळाच्या पिठाचा असतो, काजूही असतात, म्हणजे सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्यांनी तिथेही थांबून विचारावं. चोरिस डुकराच्या मांसाचे असतात. गोव्यात हे कुणी सांगत बसत नाही, पण आपल्याकडून जाणाऱ्या माणसाला ते ठाऊक असतंच असं नाही.

चोरिसांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे दुसरा धोका आहे. मीठ, मिरची, लसूण आणि माडाच्या विनाग्रमध्ये मुरवून, आतड्यात भरून, उन्हात किंवा धुरावर वाळवलेले हे चोरिस दिसायला परदेशी सलामीसारखे दिसतात, म्हणून पर्यटक तसेच कापून खातात. ते कच्चं मांस आहे. साल काढून आतला ऐवज कांद्याबरोबर थोड्या पाण्यात नीट शिजवायचा, चरबी सुटू द्यायची, मग बटाटे किंवा भात घालायचा. वेगळं तेल लागत नाही. घेताना विचारायचं की किती दिवस वाळवलेत. हाताला मऊ, ओलसर लागणारी माळ ताजी असते. तिची चव चांगली असते, पण पुण्या-मुंबईपर्यंतचा उन्हाळी प्रवास तिला सोसणार नाही. लांब न्यायची तर घट्ट, कोरडी, सुरकुतलेली माळ घ्या आणि घरी पोचताच फ्रिजमध्ये टाका.

सुक्या मासळीत ओलावा हाच शत्रू. खारा बांगडा हातात धरला तर ताठ राहायला हवा, बोटांना चिकट लागता कामा नये, डोक्याजवळ आणि पोटाच्या आत पांढरी किंवा गुलाबी बुरशी नको. समुद्राचा वास असणारच. पण नाकात झोंबणारा, नवसागरासारखा वास आला तर पुढे चला. मीठ जास्त असलं की वजन वाढतं, म्हणून नुसता भाव विचारू नका, तुकडा हातात घेऊन पाहा. वर्तमानपत्रात गुंडाळून मग घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं, आणि घरी गेल्यावर पुन्हा एकदा कडक ऊन दाखवायचं. मे महिना संपत आला असेल आणि आभाळ भरलं असेल तर मी सुकी मासळी घेतच नाही. आणि जून-जुलैत गेलात तर ताज्या मासळीचा हट्ट धरू नका. बंदीच्या काळात मोठी मासळी बहुधा बाहेरून आलेली असते. २०१८च्या जुलैत परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या तक्रारींवरून गोवा सरकारने काही दिवस बाहेरची मासळी बंद केली होती, हे गोवेकर अजून विसरलेले नाहीत. त्या दिवसांत खाडीतली मासळी, तिसऱ्या, असं जवळपासचं काही मिळालं तर घ्यावं.

मिरची हा माझा आवडता भाग. पेडण्याकडची हरमलची मिरची लहान आणि जहाल. काणकोणकडच्या खोल्याची मिरची रंगाला नामी आणि तिखटाला बेताची, तिला २०२०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदोण्याची मिरची तिसरीच. दुकानातल्या पोत्यांमध्ये मात्र बहुतेक ब्याडगी आणि इतर बाहेरच्या मिरच्या असतात. त्याही चांगल्या आहेत, फक्त हरमलच्या भावाने घेऊ नयेत. मिरची कानाजवळ हलवून पाहावी, बिया वाजल्या पाहिजेत. देठाशी वाकवली तर ती मोडायला हवी, वाकून राहिली तर आत ओल आहे. ओली मिरची वजनाला जास्त भरते आणि जुलैत आतून काळी पडते. बुरशी धरलेली मिरची निवडून, पुसून वापरायची नसते, ती टाकून द्यायची. बुरशीचं विष पूड केल्यावरही राहतं.

कोणता माल घरचा आणि कोणता बाहेरचा, हे ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. एकसारख्या आकाराचे, डोंगरासारखे रचलेले टोमॅटो, फ्लॉवर, कोबी हे बेळगावकडून आलेले असतात. गोव्याची रोजची भाजी मोठ्या प्रमाणात तिकडूनच येते, त्यात वावगं काही नाही. पण आपण एवढ्या लांबून आलेलो असतो ते दुसऱ्या गोष्टींसाठी. ज्या बाईपुढे थोडाच माल आहे, वस्तू लहान-मोठ्या आहेत, भाजीच्या मुळांना अजून लाल माती आहे, तिच्यापाशी थांबावं. गाव कोणतं ते विचारावं. मग ही भाजी कशी करायची ते विचारावं. जिने पिकवली असेल ती देठापासून सांगायला सुरुवात करते. मयड्याची मोठी केळी मी अशीच पहिल्यांदा खाल्ली. ती कधी पिकतील, कोणती उकडायची, कोणती तशीच खायची, हे एका आजींनी प्रत्येक केळं दाबून दाखवत सांगितलं होतं.

अशा बाईशी घासाघीस करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती पहाटेच्या बसने डोक्यावर भार घेऊन येते. माडाच्या विनाग्रसाठी माडी काढणारा रेंदेर रोज झाडावर चढतो. हे काम करणारे लोक कमी कमी होत चाललेत, आणि दहा-वीस रुपये पाडून आपण त्यात भरच घालतो. दुकानातल्या काजूवाल्याशी मात्र जरूर बोला, आणि पाकीट फोडून चव घेतल्याशिवाय घेऊ नका. बाजाराबाहेरच्या एका दुकानातून आमच्या ओळखीच्यांनी ‘अस्सल गोव्याचे’ म्हणून घेतलेले काजू वरच्या थरात पांढरे, टपोरे होते, आणि खाली खवट, तुकड्यांचे निघाले. बाहेरचे आणि परदेशी काजू गोव्याच्या नावाने विकले जातात ही तिथल्या कारखानदारांचीच जुनी तक्रार आहे. गोव्याच्या काजूगराला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सालीसकट भाजलेले काजू घेतलेत तर फसण्याची शक्यता कमी.

काजूवरून हुर्राक आणि फेणीचा विषय निघतोच. बोंडांच्या रसाच्या पहिल्या उकळीचा हुर्राक, पुढच्या उकळीची फेणी. मार्च ते मे या दिवसांत हुर्राक पाण्याच्या जुन्या बाटल्यांमध्ये भरून कुणी हळूच पुढे करतं. तो घेऊ नका. आत काय आणि किती मिसळलंय हे इथे विचारूनही खात्रीने कळणार नाही. शिवाय परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्क खात्याचा तपासणी नाका आहे. फेणी प्यायची तर परवान्याच्या दुकानात किंवा हॉटेलात, गोव्यातच.

जाण्याच्या वेळेचं थोडक्यात सांगते. सकाळी आठच्या सुमाराला पोचा. अकरानंतर मे महिन्यात जमीन तापते, गर्दी वाढते आणि चांगला माल गेलेला असतो. दुपार उलटली की बायका बस धरायला उठू लागतात. घरून किंवा मुक्कामावरून पोटभर खाऊन निघा, विशेषतः मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणारं कुणी बरोबर असेल तर. भाजीपाव, गोव्याचा पोय पाव असं मध्ये मिळतं, पण ते मिळेपर्यंत उन्हात तास-दीड तास सहज जातो. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा. कदंबाचा बसस्टँड बाजाराला लागूनच आहे, तीच ठरवावी. सुटे पैसे आणि कापडी पिशव्या न्या. फोटो काढायचा तर आधी विचारा.

रेल्वेने येणाऱ्यांना थिवी स्टेशन सोयीचं. २०२३पासून मोपाचा विमानतळ सुरू झाल्याने पुष्कळ जण आता थेट तिथून येतात-जातात. विमानाने परतणार असाल तर वाटलेले मसाले आणि लोणची केबिनच्या पिशवीत ठेवू नका, अडवतात. ते सामानाच्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून, दुहेरी पिशवीत. सुकं खोबरं तर सामानातही घेऊन जाऊ देत नाहीत, त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय. पर्समध्ये कागदी चिकटपट्टी आणि न पुसणारं पेन ठेवा. बाटली हातात आली की तिथेच, मावशीसमोर उभं राहून, त्यावर लिहा : पदार्थाचं नाव, आत काय काय आहे, कोणत्या महिन्यात केलाय, किती दिवस टिकेल. ती सांगेल ते जसंच्या तसं लिहा. मुक्कामावर गेल्यावर लिहू म्हटलं की लाल मसाल्यांच्या चार बाटल्या सारख्याच दिसतात. ज्या घरात ॲलर्जीचं माणूस आहे तिथे अशी बाटली उघडण्याआधी चिठ्ठी मोठ्याने वाचावी. ओठ सुजणं, आवाज बसणं, धाप लागणं यांतलं काही दिसलं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. लगेच रुग्णालय गाठावं किंवा १०८ला फोन करावा. डॉक्टरांनी इंजेक्शन जवळ ठेवायला सांगितलं असेल तर ते प्रवासातही बरोबर हवं, घरच्या कपाटात नको.

आणि हा माल भेट म्हणून देताना जास्त जपा. आमच्या त्याच खरेदीतली एक बाटली शेजाऱ्यांकडे गेली होती, आणि त्यांनी ती आपल्या मुलीच्या सासरी पाठवली होती. रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभं राहून भाऊ एकामागून एक फोन करत होता. म्हणून गोव्याची बाटली कुणाला द्याल तेव्हा चिठ्ठी चिकटवलेलीच द्या, आणि हातात देताना तोंडीही सांगा : यात सुकी कोळंबी आहे, तुमच्याकडे कुणाला चालत नसेल तर मला परत द्या, मी दुसरं काहीतरी देते.